ब्रेकवरचा पाय

लकवा मारल्यापासून आमचे हे ओसरीतल्या खाटेवरून आपल्या जुन्या लाल स्पोर्ट्स गाडीकडे पाहत राह्यतात. जन्मभर मी तिले सवत म्हटलं, तिच्यात कधी बसली नाही. आता मोताळ्याच्या गिऱ्हाइकाले परस्पर द्यायची ठरवली अन् ह्यायले मात्र सांगितलं, "तुमच्यासाठीच दुरुस्त करून राह्यलो." लेकीनं काल स्टेअरिंग नीट केलं, आज ब्रेकमधली हवा काढायची होती. ती चाकापाशी बसली, मी सीटवर. "माय, दाब. सोड. दाब." ओसरीकडे नजर गेली. ह्यायचा धड राह्यलेला उजवा पाय लेकीच्या हाकेसरशी हवेतच ब्रेक दाबत होता. मले तोंड लपवावंसं वाटलं. तेवढ्यात गिऱ्हाईक फाटकात आलं. "काकू, झाली गाडी?" "कशाची झाली बे! ब्रेकच लागत नाही. दुसरी पाह्य." लेक चाकाआडून ओरडली, "माय, लागला ना ब्रेक!" "तुले काय कळते? नुसतं 'दाब' म्हण."