न वाजलेला डबा

फौजेतून निवृत्त होऊन सास्तूरला परतलेल्या शिवपुत्रला डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी शेतात अनवाणी बसा, पाखरं ऐका. काल तो बांधावर बसला असताना शेजारच्या धुरपताकाकूंनी हुरड्यात आलेल्या ज्वारीवरची पाखरं हाकलायला पत्र्याचा डबा बडवला, आणि झेंडावंदनाला गावानं हार घातलेला हा माणूस डोकं झाकून ढेकळांत पालथा पडला. काकूंनी पाहिलं. आज डबा वाजलाच नाही. शिवपुत्रनं डोकावून पाहिलं, तर सत्तरीच्या काकू दोन्ही हातांनी पदर हलवत, तोंडातून चकार शब्द न काढता धावत होत्या. निम्मी कणसं रिकामी झाली होती. "काकू, डबा वाजवा की." "हात लई दुखतुय बाबा." शरमेनं त्याला वर बघवेना. त्यानं डबा उचलला, पण वाजवायला हात उठेना. मग खांद्यावरचा टॉवेल काढून तोही मुकाट्यानं दुसऱ्या टोकाला धावू लागला.