अर्धी टाकी

विमानाचं इंजिन एकदा ठसकलं, पुन्हा ठसकलं आणि गप्प झालं. पुढचा पंखा मात्र वाऱ्यानं नुसताच फिरत राहिला, नोकरी गेल्यावरही रोज वेळेवर घराबाहेर पडणाऱ्या माणसासारखा.

वैमानिकानं दुसरी टाकी लावून पाहिली. इंजिन क्षणभर हुरळलं, मग त्याचं अवसान गळालं. पेट्रोलचा काटा तेवढा खुशाल पूर्ण भरल्याचं सांगत होता. त्या काट्याचं खरं धरायचं त्यानं आणि त्याच्या बायकोनं कधीच सोडलं होतं. टाकीत काठी बुडवून पेट्रोल मोजायचं काम बायकोचं. कमी असलं की ती ओरडून सांगायची. काही बोलली नाही, म्हणजे टाकी भरलेली. नियम अगदी सोपा होता. कालपासून दोघांत अबोला होता, एवढंच.

"बाबा," शेजारी बसलेली बायको मान वळवून वडिलांना म्हणाली, "यांना विचारा, पेट्रोल भरलं होतं ना?"

मागच्या सीटवरून सासरेबुवा पुढे झुकले. "जावईबापू, ही विचारतेय—"

"ऐकू येतंय मला! हिला सांगा, कमी होतं तर बोलायचं होतं."

"बोलायचं होतं? बाबा, सकाळी तुम्हाला सांगितलं ना मी? टाकी निम्मीच आहे, यांना सांगा म्हणून?"

सासरेबुवा पुन्हा मागे टेकले.

"सांगितलं होतंस गं," सासरेबुवा म्हणाले. "पण म्हटलं, नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला तोंड घाला? निवळेल त्यांचं त्यांनाच."

वैमानिकानं रेडिओवर हाक दिली. पलीकडच्या माणसानं मोठ्या अदबीनं धावपट्टी मोकळी असल्याचं सांगितलं. धावपट्टी समोर दिसतही होती. पण काचेतून ती हळूहळू वर सरकत होती, म्हणजे विमान तिच्या अलीकडेच टेकणार होतं. हाताला वाटत होतं, विमानाचं नाक वर ओढावं. ओढलं असतं, तर उरलासुरला वेग मरून सगळे दगडासारखे खाली गेले असते. त्यानं हात तसाच ठेवला.

अलीकडे घरंच घरं होती. त्यांच्यामधून एक अरुंद रस्ता गेला होता. त्यानं रस्ता धरला.

"अहो," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पोचू ना आपण?"

तो रस्त्याकडेच बघत राहिला.

"बाबांना सांग," तो म्हणाला, "डोकं गुडघ्यात घाला."

तिनं काही सांगितलं नाही. नुसता हात मागे केला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

खाली एका गच्चीवर चादर वाळत घालणारी बाई मान वर करून बघत उभी होती. तिच्या चादरीवरची फुलं आता मोजता आली असती.