चौथीची आई

पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची रंगभूमी तीस वर्षं गाजवणाऱ्या मनकर्णाबाईंना भद्रावतीत चित्रित होणाऱ्या टीव्ही मालिकेत पहिल्यांदाच काम मिळालं. एका जुन्या खुन्याच्या पद्धतीची नक्कल करत चार मुलींना मारणाऱ्याची ती गोष्ट होती आणि बाई चौथीची आई होत्या. लिहून दिलेल्या पुस्तकी मराठीत त्या दोनदा अडखळल्या. दिग्दर्शकाने दुसऱ्या नटीला बोलवायला सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, एकदा मले माह्या बोलीत बोलू द्या." कॅमेरा सुरू झाला. खुन्याचं काम करणाऱ्या नटासमोर त्या उभ्या राहिल्या. "मारायची तऱ्हा तुनं दुसऱ्याची चोरली. माह्या पोरीचं नाव तरी मालूम हाय काय तुले?" दिग्दर्शक म्हणाला, "हेच ठेवा." लेखक कागद घेऊन बाईंपाशी आला. "उरलेल्या तिघींच्या आया काय बोलतील?" बाईंनी खुर्ची सरकवली. "बसा भाऊ. मी सांगतो, तुमी लिहा."