दुसरी वाचणारी

धनुबाईचं प्रेत बैलगाडीत ठेवून तिचा नवरा लोटन पुन्हा दवाखान्याच्या पायरीशी आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं चार दिवसांचं मूल होतं.

"बाई, आते पोरले कोन दूध पाजी?"

तो रागावला नव्हता. मुख्य परिचारिका रेवाबाईंना तो खरंच विचारत होता. बैलगाडी धानोऱ्याच्या वाटेला लागून दिसेनाशी झाली, तरी त्या खांबाला धरून उभ्याच होत्या.

सकाळी त्यांनीच धनुबाईला खोकल्याचं औषध म्हणून अंगाला चोळायचं विषारी औषध पाजलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, एकोणीसशे सत्तावीस साली, नंदुरबारजवळच्या या लहानशा दवाखान्यात रुजू झाल्या झाल्या त्यांनी एक नियम घातला होता. एकीनं बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. दुसरीनं तीच चिठ्ठी स्वतः वाचून 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय औषध कुणाच्या तोंडी जायचं नाही. चुकीची बाटली नुसती हातात आली, तरी ते वहीत लिहायचं. एकदा डॉक्टरांनीच घाईत एकट्यानं औषध ओतायला घेतलं, तेव्हा रेवाबाईंनी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली होती.

आज त्यांच्या जोडीला महिन्यापूर्वी आलेली गंगीबाई होती. नेहमीची सोमीबाई बहिणीच्या लग्नाला नवापूरकडे गेली होती. काल फळी पुसताना बाटल्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या. रेवाबाईंनी रोजच्या जागेवरची बाटली उचलली, नाव मोठ्यानं म्हटलं. गंगीबाईनं चिठ्ठीकडे न बघताच 'बरोबर' म्हटलं. बाईंचं कधी चुकत नाही, असंच तिनं आल्यापासून ऐकलं होतं.

दुपारच्या रेल्वेनं सोमीबाई परतली. पिशवी हातात तशीच घेऊन ती आत आली. रेवाबाई चुकांच्या वहीवर अगदी नाक टेकवून लिहीत होत्या.

"माझं नाव लिहिलंय," त्या म्हणाल्या. "वाचून बघ. ओळ सरळ आली की नाही, मला दिसत नाही."

सोमीबाईनं वाचलं.

"चिठ्ठ्या अंधुक दिसतात, हे मला कळत होतं," रेवाबाई म्हणाल्या. "पण मी वही उघडून बघायचे. कित्येक महिन्यांत एक चूक नाही. मनाशी म्हणायचे, अजून जमतंय."

सोमीबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"मला ठाऊक होतं, बाई."

"काय?"

"दिवाळीपासून तीनदा तुमच्या हातात दुसरीच बाटली आली. मी न बोलता बदलली. वहीत लिहिलं असतं तर तुम्हाला इथून जावं लागलं असतं. तुम्हाला जायला घर कुठं आहे?" ती आता रडत होती. "मला वाटायचं, मी आहे ना तुमच्याबरोबर."

तिच्या डोक्यावर ठेवायला रेवाबाईंनी हात पुढे केला. तो मध्येच थांबला.

"म्हणजे माझी चूक मला सांगणारं कुणी नव्हतं; दिवाळीपासून मी एकटीच होते," त्या म्हणाल्या.