मुकं बटण

“फॉर्मचं बटण दाबलं हो मी काल, पण पुढे काहीच झालं नाही,” बायको फोनवर म्हणाली. “गेलं असेल. शेजारच्या वहिनी आहेत सोबत, तुम्ही काम उरका. अकराला आत नेतायत, आता फोन काढून घेतील.”

फोन बंद झाला आणि मास्तरांनी हातातलं काम बाजूला सारलं.

तिच्या मानेवरची छोटी गाठ काढायची होती. तिनेच त्यांना ऑफिसला पिटाळलं होतं. पण सहा वर्षांपूर्वी पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने तिचा घसा सुजून श्वास कोंडला होता. ही गोष्ट इस्पितळाला कळवायची ती त्यांच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून, आणि तो पोचलाच नसेल तर?

मास्तर साइट बांधत आणि येईल त्याला शिकवत, म्हणून हे नाव. समोरच्या फळ्यावर त्यांच्याच अक्षरात नियम होते. मजकूर आधी, नटवेगिरी नंतर. चालू साइटवर प्रयोग नकोत. बटण दाबलं की माणसाला उत्तर मिळालंच पाहिजे.

त्यांनी इस्पितळाची साइट उघडली. चित्रं आपोआप सरकत होती, फॉर्म मात्र सापडता सापडेना.

“नाव मोठं, लक्षण खोटं,” ते पुटपुटले. शेजारच्या टेबलावरची प्रोग्रामर खुर्ची सरकवून बघायला आली.

रुग्ण क्रमांकाशिवाय पान पुढे जाईना, म्हणून त्यांनी बायकोचा घातला. औषधाची ऍलर्जी ‘आहे’ म्हटलं की खाली सात रकाने उघडत, आणि त्यातला तारखेचा काही केल्या भरला जात नव्हता. वैतागून त्यांनी ‘नाही’ निवडलं आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही पान ढिम्म हललं नाही.

“मेलंय हे. हल्ली कुणाला साधं बटण बांधता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“मास्तर, आतून माहिती जातेय का बघू?” ती म्हणाली.

“काय जाणार? काही जात नाही. तिचंही गेलेलं नाही.” त्यांनी फोन उचलला.

इस्पितळाचा फोन नुसता वाजत राहिला. मास्तरांनी स्कूटर काढली. प्रत्येक सिग्नलवर त्यांना तिचा तो सुजलेला चेहरा दिसत होता. देवाचं नाव घ्यायचंही सुचत नव्हतं. जिने चढून ते ऑपरेशन विभागाच्या दाराशी पोचले तेव्हा अकराला दहा कमी होते.

“माझ्या बायकोचा फॉर्म तुम्हाला मिळालेला नाही,” ते टेबलापाशी बसलेल्या नर्सला धापा टाकत म्हणाले. “तिला पेनिसिलिन...”

नर्सने नंबर विचारून कॉम्प्युटरवर पाहिलं. “मिळालाय की, काका. कालच. पेनिसिलिनची ऍलर्जी, लाल अक्षरात आलं होतं.”

मास्तर मटकन बाकावर बसले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. वहिनींनी पाण्याची बाटली पुढे केली.

“साइट बेकार आहे हो तुमची,” ते डोळे पुसत म्हणाले. “उगाच जीव खालीवर झाला.”

“सगळेच म्हणतात. बटण दाबलं तरी कळतच नाही,” नर्स हसली. “पण पोचतं सगळं. डॉक्टरांनी पेनिसिलिनऐवजी दुसरं औषध काढूनसुद्धा ठेवलं होतं. नंतर सकाळी तुमची दुरुस्ती आली, एकदा नाही, तीनदा, की ऍलर्जी नाही. काकूंना विचारावं तर गुंगी चढलेली. मग नेहमीचंच इंजेक्शन दिलं, आत्ता, तुम्ही जिना चढत होतात तेव्हा.”