स्पष्ट बोलता येणं

त्या काळी मी आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका कॉलेजात, इंजिनिअरिंग विभागाच्या ऑफिसात कामाला होते. पदवीची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला डब्लिनहून समिती यायची आणि विद्यार्थ्यांशी बंद दाराआड बोलायची. पदवीधराला आपलं म्हणणं स्पष्ट मांडता येतं का, हेही तिला तपासायचं असे. म्हणून विभागप्रमुख डेव्हिट सरांनी चार बोलकी मुलं निवडली आणि त्यांच्याच वर्गातल्या, अडखळत बोलणाऱ्या डर्व्हलाला माझ्याकडे पाठवलं. "तू आपली चहाचं बघ गं, पोरी."

आम्ही कप घेऊन आत गेलो, तेव्हा समितीच्या ट्रॅव्हर्सबाई मुलांच्या प्रकल्पाचा आराखडा पुढे धरून विचारत होत्या, "चाकांची खुर्ची बोटीवर चढवायचा हा पाळणा कुणाच्या डोक्यातून निघाला?"

"आमच्या कुणाच्याच नाही, बाई. आमची डोकी तेवढी चालतात कुठे!" त्या चौघांतला फियाक्रा म्हणाला. "ती बघा, तुमच्या चहात दूध घालतेय ना, तिच्या."

बाई हसल्या नाहीत. "मग इथे बसायचं सोडून तू ट्रे घेऊन का फिरतेस गं?"

तेवढ्यात वेळ संपला म्हणून पाहुण्यांना न्यायला आलेले सर दार उघडून उभे राहिले. डर्व्हलानं त्यांच्याकडे पाहिलं.

"म... मीच... म... म्हटलं होतं सरांना," ती म्हणाली, "की मला च... चहा द्यायला आ... आवडेल."

एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. दारातल्या सरांना ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकावं लागलं.