कोंबडी वाजायच्या आत

टेबलावर माझ्या स्कॅनची फिल्म होती आणि तिच्याशेजारी ती कोंबडी. प्लास्टिकचा टायमर, पोट फिरवलं की टिकटिकणारी आणि वेळ संपली की वाजणारी. आज आईने ती सूप गरम करायला लावली होती. लहानपणी मात्र ती माझ्या ताटापुढे असायची. कोंबडी वाजायच्या आत ताट चाटूनपुसून लख्ख झालं पाहिजे, नाहीतर उरलेलं तेच संध्याकाळी पुन्हा पुढ्यात. घास अडकतोय म्हटलं की सगळं घर हसायचं. दादाने तर माझं नावच 'रवंथ' पाडलं होतं. "अन्ननलिकेला चिकटून गाठ आहे," मी आईला सांगितलं. "जन्मापासूनची. आता तिच्यात पू झालाय आणि ती फुगून श्वासनलिका दाबतेय. सोमवारी ऑपरेशन. छाती उघडावी लागेल म्हणाले." आईने फिल्म उजेडासमोर धरली, तीही उलटी. "एवढीशी तर दिसतेय." "लिंबाएवढी आहे, आई." "मग इतकी वर्षं कोणाला कळली कशी नाही?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी रोज सांगत होते! याच खुर्चीत बसून, रडून रडून सांगत होते!" आता तरी गप्प बसेल तर ती माझी आई कसली. "सांगत होतीस ग, पण भाकरी, भोपळा असलं काही असलं की तुझा घास अडकायचा. आईस्क्रीम बरं झरझर उतरायचं घशाखाली!" "ते वितळतं, आई."